लॉरेल-हार्डीचा शेवटचा सिनेमा 'अटॉल के': एवढा का फसला?

शेवटची रांग

जाड्या-रड्याचे सगळे सिनेमे ओळीने बघायचे म्हणून बसलो की हा एक नेहमी मागे राहायचा, कारण ज्याने त्याने सांगितलेलं की नको बघूस, वाईट वाटेल. शेवटी बघितलाच. आणि वाटलं वाईट. पण नक्की कशाचं वाईट वाटलं ते चिमटीत सापडत नाहीये म्हणून हा धागा.

नावाचाच आधी घोळ आहे. १९५१ मधे फ्रान्समधे आला तेव्हा 'अटॉल के', पुढच्या वर्षी इंग्लंडमधे 'रॉबिन्सन क्रुसोलँड' आणि १९५४ मधे अमेरिकेत 'युटोपिया'. तीन नावं, सिनेमा एकच, तोही धड नाही.

गोष्ट थोडक्यात सांगतो (स्पॉयलर आहेत, पण सत्तर वर्षं उलटून गेल्यावर कसले आलेत स्पॉयलर). स्टॅनला (म्हणजे लॉरेल, आपला रड्या) वारशात पैसे, एक बोट आणि पॅसिफिकमधलं एक बेट मिळतं, त्यातले पैसे टॅक्स आणि वकिलांच्या फीमधे बसल्या जागी गायब होतात. मग दोघं बोट घेऊन निघतात, सोबत अन्त्वान नावाचा एक माणूस ज्याला कुठलाच देश आपला म्हणत नाही, शिवाय बोटीत लपून बसलेला एक इटालियन गवंडी. इंजिन बंद पडतं, वादळ येतं, आणि समुद्रातून नुकत्याच वर आलेल्या एका बेटावर हे आदळतात. तिथे लग्न टाळून पळालेली एक गायिका येऊन पोचते, सगळे मिळून स्वतःचा देश काढतात ज्यात टॅक्स नाही, कायदा नाही, काही नाही. मग तिथे युरेनियम सापडतं, जगभरातून लोक लोटतात, बंड होतं आणि हे लोक ज्यांनी देश काढला त्यांनाच फासावर द्यायला निघतात.

ऐकायला भारी वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. पण स्टॅन पडद्यावर आला आणि माझं हसणं तिथेच बंद झालं. गाल आत गेलेत, डोळे खोल, कोट अंगावर नुसता लोंबतोय. शूटिंगमधे त्याचं वजन ५२ किलोपर्यंत उतरलं होतं, प्रोस्टेटचं दुखणं, जुलाब, त्यात आधीपासूनचा मधुमेह, एका वेळी वीस-तीस मिनिटांच्या वर काम करवत नव्हतं. आणि शेजारी हार्डी उलट दीडशे किलोच्या आसपास गेलेला, त्याच्या हृदयाचे ठोके अनियमित.

आता 'द म्युझिक बॉक्स' (१९३२) आठवा, तो पियानो पायऱ्यांवरून परत परत घरंगळत खाली येतो, हार्डीला घेऊन येतो, तरी एक क्षणही असं वाटत नाही की ह्याला लागलं असेल. उठून कोट झटकतो, टाय नीट करतो, की झालं. इथे मात्र स्टॅन जरा अडखळला तरी 'अरे धरा त्याला' असं होतं. तर प्रश्न असा की सिनेमा वाईट आहे की आपल्यालाच त्यांना असं बघवत नाही?

उंटावरचा शहाणा

दोन्ही. पण मुख्य म्हणजे वय झालं की थांबावं. स्टॅन साठीचा, हार्डी ५८ चा. धडपडण्याच्या विनोदाला एक्स्पायरी डेट असते. त्याच काळातल्या दुसऱ्या विनोदी टोळीचा, मार्क्स बंधूंचा 'लव्ह हॅपी' बघा (१९४९), त्यांच्यातला ग्राउचो त्यात असून नसल्यासारखा. ॲबट-कॉस्टेलो ह्या दुसऱ्या विनोदी जोडीचा शेवटचा 'डान्स विथ मी, हेन्री' १९५६ अखेरीस आला, पुढच्या वर्षी जोडी फुटली. सगळ्यांची गत तीच, मग ह्यांच्याच नावाने एवढे उमाळे कशाला.

रात्रपाळी

मी पंचविसाव्या मिनिटाला झोपलो. पुढील लेखनास शुभेच्छा.

कात्रीबहाद्दर

शहाणेबुवा, असहमत. वय हे कारण अर्धवट आहे, आणि ते कसं ते जरा विस्ताराने लिहितो, लांबेल त्याबद्दल आधीच माफी.

मुळात ही जोडी चालायची ती नुसत्या पडण्याझडण्यावर नाही, तर पडण्याच्या आधी आणि नंतर जो वेळ जायचा त्यावर. हार्डीच्या डोक्यावर वीट पडते, बाकी कुणीही असतं तर पुढच्या सीनला गेलं असतं, हे थांबतात, हार्डी कॅमेऱ्याकडे बघतो म्हणजे आपल्याकडे बघतो, 'बघताय ना माझं नशीब' अशा नजरेने, आणि तेवढ्यात दुसरी वीट पडते. हा थांबा किती सेकंदांचा ठेवायचा ते त्यांचे जुने निर्माते हाल रोच यांच्या स्टुडिओत असताना स्टॅन ठरवायचा. शूटिंग संपलं की हार्डी गोल्फला आणि स्टॅन एडिटिंगच्या खोलीत, हे जगजाहीर आहे. तिथे ते शक्यतो गोष्टीच्या क्रमाने शूट करायचे, म्हणजे एका गॅगमधून (विनोदी करामतीतून) दुसरा सुचला तर तो घेता यायचा. मग प्रिव्ह्यूला (रिलीजआधीच्या चाचणी खेळाला) प्रेक्षक कुठे किती वेळ हसतात ते बघून परत कापाकापी, हशामधे पुढचं वाक्य बुडू नये म्हणून. एवढं मोजूनमापून केलेलं काम दिसायला मात्र निवांत दिसायचं.

ते गेलं १९४० मधे, रोचला सोडल्यावर. पुढची पाच वर्षं फॉक्स स्टुडिओसाठी सहा नि एमजीएम स्टुडिओसाठी दोन सिनेमे केले, त्यात स्टॅनला कुणी विचारायचंच नाही. साधी मेकपची गोष्ट घ्या. आधी त्यांचा मेकप फिकट, जोकरासारखा सपाट असायचा, त्यात सुरकुती दिसत नाही, वय कळत नाही. फॉक्सवाल्यांनी तो बंद करून इतर नटांसारखा नॉर्मल मेकप लावला आणि एका सिनेमात ही माणसं दहा वर्षांनी म्हातारी झाली. तेव्हा स्टॅन फक्त पन्नाशीचा होता!

आणि वय हेच कारण म्हणत असाल तर हे सांगा, 'अटॉल के' नंतर १९५२ मधे आणि परत ५३-५४ मधे दोघांनी इंग्लंडमधे स्टेज शो केले ते कसे काय चालले? त्या पहिल्या दौऱ्यातलं स्किट तर त्यांच्याच १९३० च्या 'नाइट आउल्स' वरून घेतलेलं. तीच माणसं, वय आणखी वाढलेलं. फरक एवढाच की स्टेजवर स्किट स्टॅनने लिहिलेलं आणि कधी थांबायचं ते समोरच्या हशावरून ठरत होतं. 'अटॉल के' मधे तो थांबा पार गेला. कुठेही कट होतो, गॅग उमलायच्या आत निवेदक बोलायला लागतो.

शेवटची रांग

कात्रीशेठ _/\_

हे मेकपचं माहीत नव्हतं. पण मग माझा मुद्दा निघतोच ना, आजारपण मेकपने झाकता येत नाही. फॉक्सच्या सिनेमांत ते नुसते म्हातारे दिसतात, इथे तो मरणाच्या दारातून उठून आल्यासारखा दिसतो. माझं हसू थांबलं ते कटमुळे नाही, त्या चेहऱ्यामुळे.

अडगळ

मी उलट बाजूने बोलणार आहे, दगड मारायला तयार राहा.

मला हा सिनेमा आवडतो. विनोदासाठी नाही, डोक्यासाठी. १९५१ सालचा सिनेमा आहे, युद्ध संपून सहा वर्षं झालीत, युरोपभर कागदपत्रं नसलेली माणसं ह्या सीमेवरून त्या सीमेवर ढकलली जातायत आणि ह्या लोकांनी बिनदेशाचा माणूस चक्क कॉमेडीत आणलाय. सगळ्यांना अणुबाँबची धास्ती, तर बेटावर सापडतं काय, युरेनियम. आणि तो सरकार बनवण्याचा सीन! हार्डी राष्ट्राध्यक्ष, बाकीचे सगळे मंत्री, आणि स्टॅन कोण? जनता. एकटा स्टॅन म्हणजे देशाची संपूर्ण जनता. ह्या एका गॅगसाठी मी त्यांना सगळं माफ करतो, कारण ह्या दोघांचं नातं आयुष्यभर तेच होतं ना, एक हुकूम सोडणारा आणि एक त्याचा बोजवारा उडवणारा. त्याच नात्यावर अख्खं सरकार उभं केलंय. एवढी टोकदार राजकीय गंमत त्यांच्या रोचच्या सिनेमांतही नाही.

आणि दुसरं, वादळात बोटीच्या केबिनमधे स्टॅनच्या हातून रबरी होडी फुगते तो सीन. होडी फुगत जाते, खोली लहान होत जाते, हा बिचारा तिच्याशी झुंजतोय. हा जुना स्टॅन आहे, शंभर टक्के. ते इंजिनही तसंच, सुट्टे केलेले भाग डेकवरून समुद्रात जातात.

उंटावरचा शहाणा

अडगळराव, गॅग सांगायला छान आहे पण बघताना हसू आलं का ते सांगा. प्रामाणिकपणे.

अडगळ

स्मितहास्य आलं. 😐

चिकित्सक

हा सिनेमा कसा बनला ते वाचलं की तो पूर्ण झाला ह्याचंच नवल वाटतं. फ्रान्स आणि इटलीची भागीदारी, दिग्दर्शक लेओ जोआनो फ्रेंच, त्याला इंग्रजी जेमतेम, लॉरेल-हार्डीला फ्रेंच येत नाही, इटालियन नट इटालियनमधे बोलणार, सुझी दलेर (ती गायिका) आणि मॅक्स एलॉय (अन्त्वान झालेला) फ्रेंचमधे. म्हणजे समोरचा काय बोलला ते न कळता उत्तर द्यायचं, मग नंतर डबिंग. सगळं दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर ऑगस्ट १९५० मधे सुरू झालं, बारा आठवड्यांत उरकायचं असं ठरलेलं आणि संपलं कधी तर १९५१ च्या वसंतात. मधे स्टॅनचा दवाखाना. त्याची बायको आयडा सोबत होती म्हणून निभावलं म्हणतात.

आणि त्यात जॉन बेरी नावाचा एक अमेरिकन दिग्दर्शकही मदतीला होता, पण हॉलिवुडच्या काळ्या यादीत (कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांच्या) असल्यामुळे त्याचं नाव टायटलमधे नाही. म्हणजे बिनदेशाच्या माणसावरचा सिनेमा आणि सेटवर एक बिननावाचा दिग्दर्शक. ही गंमत सिनेमात नाही, सेटवर होती.

कात्रीबहाद्दर म्हणतात तो थांबा ह्यामुळेच गेला असं मला वाटतं. त्यांचा विनोद म्हणजे दोघांचं एकमेकांना आणि समोरच्याला प्रतिसाद देणं, त्यांचा नेहमीचा सहकलाकार जेम्स फिनलेसन डोळा बारीक करून बघायचा तेव्हा अर्धं काम तिथेच व्हायचं. इथे समोरचा वेगळ्याच भाषेत काहीतरी म्हणतोय, हे अंदाजाने तोंड करतायत. बारकाईने बघा, इतर पात्रांबरोबरच्या सीनमधे दोघंही ताठरलेले दिसतात आणि दोघांचाच सीन आला की अचानक सैल होतात. ते फुगणाऱ्या होडीचं आणि इंजिनचं अडगळ यांना आवडलं ते उगीच नाही, तिथे भाषाच लागत नाही.

रात्रपाळी

चिकित्सकताई, हे वाचून परत बघावासा वाटायला लागला, हे काही बरोबर नाही.

उंटावरचा शहाणा

कात्रीबहाद्दर, तुमच्या थिअरीला एक भोक आहे. फॉक्समधे स्टॅनला विचारत नव्हते, मान्य. पण 'अटॉल के' च्या वेळी त्याने आपली माणसं आणली होती, आल्फ गोल्डिंग (ज्याने त्यांचा 'अ चम्प ॲट ऑक्सफर्ड' दिग्दर्शित केला) आणि माँटी कॉलिन्स, गॅग लिहायला. म्हणजे ह्या वेळी अधिकार होता. तरी फसला. मग?

कात्रीबहाद्दर

बरोबर पकडलंत. पण गॅग लिहिणं वेगळं आणि त्याला वेळ देणं वेगळं, माझं सगळं म्हणणं तेवढंच आहे. गॅग कागदावर होते, काही तर छानच होते, अडगळ यांनी सांगितले तेच. पण सेटवर तो वीस मिनिटं उभा राहू शकतो, त्यातली दहा समजावण्यात जातात, दुसऱ्या टेकला त्राण नाही. शूटिंग संपवून तो कसाबसा अमेरिकेला परतला, एडिटिंगला महिनोन्‌महिने बसण्याच्या अवस्थेत होता कुठे. मग प्रत्येक देशाने आपापल्या मापाने कापला. इंग्लंड-अमेरिकेत आला तो साधारण ८२ मिनिटांचा, फ्रेंच त्याहून लांब. ज्या माणसाने आयुष्यभर हशाची सेकंदं मोजली त्याच्या शेवटच्या सिनेमाची लांबी देशागणिक बदलते.

रांगवाले म्हणतात तो चेहऱ्याचा मुद्दा मी नाकारत नाही. पण लय बरोबर असती तर तो चेहराही आपण दहा मिनिटांत विसरलो असतो असं माझं मत. मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन, त्याचा चेहरा साठीनंतर काय कमी रापलेला होता? ६५ साली 'द रेलरॉडर' मधे रुळांवरच्या छोट्या गाडीवर बसून अख्खा कॅनडा पार करतो, एक शब्द बोलत नाही, आणि आपण त्याच्या सुरकुत्या मोजत बसत नाही.

पडदानशीन

सगळे स्टॅनबद्दलच बोलताय. हार्डीचं काय?

मी ह्या वेळी मुद्दाम फक्त हार्डीकडे बघत पूर्ण सिनेमा बघितला (करून बघा, वेगळाच सिनेमा दिसतो). स्टॅन सीनमधे असतो तेव्हा हार्डी स्वतःचं काम करून वर त्याचंही सांभाळतोय. स्टॅनची रिॲक्शन उशिरा येणार असेल तर हा तेवढा वेळ हाताची बोटं हलवत, टोपी नीट करत भरून काढतो. दोघं उभे असतात तेव्हा हा किंचित पुढे, म्हणजे नजर आपल्यावर राहावी. ठरवून की सवयीने ते मला सांगता येणार नाही, पण दिसतं. आणि ती नाजूक बोटं! एवढ्या प्रचंड देहाची बोटं अशी चालतात जणू कायम कुणीतरी अदृश्य चहाचा कप धरलाय.

लोक त्याला नुसता 'जाड्या' म्हणून सोडून देतात पण दोघांत नट म्हणून हार्डी सरस असं माझं ठाम मत आहे. 'अटॉल के' च्या एक-दोन वर्षं आधी तो एकट्याने जॉन वेनबरोबर 'द फायटिंग केंटकियन' मधे आहे, फ्रँक काप्राच्या 'रायडिंग हाय' मधे छोट्याशा रोलमधे आहे, दोन्हीकडे मस्त. म्हणजे तो फॉर्मात होता. 'अटॉल के' मधे जे काही उभं आहे ते त्याच्या खांद्यावर उभं आहे, तेही हृदय कुरकुरत असताना.

आणि शहाणेभाऊ, 'थांबावं' म्हणणं सोपं आहे. अमेरिकेत १९४५ च्या 'द बुलफायटर्स' नंतर कुणी सिनेमाच देत नव्हतं. पाच वर्षांनी कुणीतरी हाक मारली, दीड मिलियन डॉलरचं बजेट म्हणून सांगितलं, तर कलाकार जाणारच ना.

शेवटची रांग

पडदानशीन, हे वाचून होडीचा सीन आत्ता परत लावला. तुमचं खरंय. स्टॅन आत झुंजत असताना हार्डीकडे लक्षच गेलं नव्हतं माझं.

आणि आता मलाही असं वाटायला लागलंय की मला हसू आलं नाही त्याचं कारण नुसती कीव नव्हती. जिथे दोघंच आहेत तिथे आलंच की. युरेनियम, बंड, गर्दी सुरू झाली, हे दोघं स्वतःच्याच सिनेमात पाहुणे झाले, तिथे संपलं. शेवटचा अर्धा तास तर हे फक्त इकडून तिकडे पळतात.

अडगळ

हे मान्य. दुसरा भाग गचाळ आहे, माझा बचाव पहिल्या भागापुरता समजावा. पण एक सांगतो, फॉक्सचा 'द बिग नॉइज' (१९४४) बघा आणि मग बोला. तिथे दोघं ठणठणीत आहेत, भाषा एकच, स्टुडिओ श्रीमंत, आणि सिनेमा पार मेलेला. रोचच्या दिवसांतले गॅग परत वापरलेत नि तेही धड नाहीत. 'अटॉल के' आजारी आहे पण त्याला काहीतरी म्हणायचंय. मला आजारी चालेल.

उंटावरचा शहाणा

अडगळराव, 'बिग नॉइज' पेक्षा बरा हे काही कौतुक नव्हे. 😄

पण पडदानशीन यांचा मुद्दा घेतला. माझं 'थांबावं' मागे घेत नाही, फक्त ते त्यांच्यापेक्षा त्यांना घेणाऱ्यांना लागू करतो. ५२ किलोच्या माणसाला घेऊन समुद्रावर शूटिंग चालू ठेवणाऱ्यांना.

हौशी प्रेक्षक

मी ह्या दोघांचं फक्त तुकड्यातुकड्यांत बघितलंय, तो दारूच्या गुत्त्याबाहेरचा डान्स वगैरे. आणि ह्या दोघांच्या आयुष्यावरचा २०१८ चा 'स्टॅन अँड ऑली' (ऑली म्हणजे हार्डी) बघितला, आवडला होता. तर सुरुवात कशाने करू? हा 'अटॉल के' यूट्यूबवर दिसतोय फुकट, हाच बघू का आधी?

कात्रीबहाद्दर

नको!! अमेरिकेत कॉपीराइट संपल्यामुळे हा सगळीकडे फुकट पडलेला असतो, स्वस्त डीव्हीडीवर पण हाच, आणि दुर्दैवाने खूप लोकांची ओळख ह्याच सिनेमाने होते नि ते म्हणतात हेच का ते लॉरेल-हार्डी. प्रिंटही बहुतेक धुरकट.

आधी 'द म्युझिक बॉक्स', अर्ध्या तासाच्या आतबाहेर आहे, ऑस्कर मिळालेला. मग 'सन्स ऑफ द डेझर्ट' (१९३३). मग 'वे आउट वेस्ट' (१९३७), तुम्ही म्हणताय तो डान्स त्यातलाच. हे पचले की मधले काही शॉर्ट्स (लघुपट). 'स्टॅन अँड ऑली' मधे दाखवलाय तो ५३ चा दौरा, म्हणजे ह्या सिनेमाच्या नंतरचा काळ. कोव्ह बंदरात चर्चच्या घंटांवर त्यांची ओळखीची ट्यून (सिनेमांच्या सुरुवातीला वाजायची ती) वाजली ती गोष्ट खरी आहे, सप्टेंबर १९५३, आयर्लंड.

चिकित्सक

त्या दौऱ्यानंतरही शेवट झाला नव्हता खरं तर. १९५५ मधे हाल रोचच्या मुलाबरोबर टीव्हीसाठी रंगीत मालिका करायचं ठरलं होतं, परीकथांवर वगैरे. स्टॅनला झटका आला आणि राहिलं. पुढच्या वर्षी हार्डीला मोठा झटका, तो ऑगस्ट १९५७ मधे गेला. स्टॅन त्यानंतर साडेसात वर्षं जगला, दोघांसाठी गॅग लिहीत राहिला पण पडद्यावर परत आला नाही. १९६१ मधे मानद ऑस्कर मिळालं. ती टीव्ही मालिका झाली असती तर आज आपण 'अटॉल के' ला शेवटचा म्हणत बसलो नसतो, मधलाच एक फसलेला म्हणून सोडून दिला असता.

पडदानशीन

हौशी प्रेक्षक, शेवटी कधीतरी 'अटॉल के' बघालच, तेव्हा निदान शेवटचा सीन चुकवू नका. बेट बुडतं, ह्यांची सुटका होते, मग शेवटी एकदाचे स्टॅनच्या त्या वारशातल्या बेटावर पोचतात आणि टॅक्स भरला नाही म्हणून तेही जप्त, सामानही जप्त. हार्डी त्याचं नेहमीचं वाक्य म्हणतो, हे बघ आणखी एका घोळात मला घातलंस म्हणून, आणि स्टॅन रडायला लागतो. टायमिंग परफेक्ट.

रात्रपाळी

मुलांबरोबर बघणार असाल तर त्याच्या जरा आधी अन्त्वानचं काय होतं तो भाग पुढे ढकला. सिंहाच्या पिंजऱ्यात लपून देशात शिरायला जातो. पुढचं सांगत नाही, पण सिंह उपाशी असतो.

अडगळ

झोपला होतात ना तुम्ही पंचविसाव्या मिनिटाला?

रात्रपाळी

धागा वाचून काल परत लावला. चिकित्सकताईंना बिल पाठवतोय.